आईचे दुधाचे व्रत

रविवार, ता. ९ ऑक्टोबर १९३८. सकाळी साडेसात वाजता.

ओट्यावर बसून कापूस मोजायच्या तागडीची साखळी घासलेटाने पुसत होतो. वेचणी दिवाळीनंतर लागेल, त्याआधी गंज निघाला पाहिजे. तेवढ्यात शेजारची सोजराबाई आली आणि सरळ आत जाऊन आईच्या पाया पडली. आई म्हणाली, "माह्या कायले पडतं वो, देवाच्या पड." सोजराबाई म्हणाली, "देव कुठं दुधावर राह्यते? त्याले तं रोज निवद लागते."

आषाढी एकादशीपासून आईने दुधाचे व्रत धरले आहे. अन्नाचा कण नाही. आमच्या सोनाळ्यात चातुर्मासात कांदा-वांगे पुष्कळजण सोडतात, पण चार महिने नुसत्या दुधावर राहिलेले माणूस कोणी पाहिले नाही. बाबा घरात फार बोलत नाहीत, परंतु परवा चावडीवर त्यांनी स्वतःहून हा विषय काढला. पाटलांनी हात जोडले म्हणतात.

आईच्या बांगड्या आता कोपरापर्यंत सरकतात. गाल बसले आहेत. सर्वजण म्हणतात की तेज आले आहे. मलाही तसेच दिसते.

काल माझी पत्नी कोकिळा म्हणाली, "आत्याबाईचं दूध रोज उरते. मांजरीले टाकतात." मी तिला रागावलो. मोठ्या माणसांच्या पोटात किती जाते याच्यावर सुनेने नजर ठेवू नये. 

ही वही शेगावहून आणली. सहावीत शाळा सुटली, लिहिण्याची सवय मोडू नये एवढाच हेतू. 'चातुर्मास' यातला 'तु' ऱ्हस्व आहे, पंचांगात पाहून खात्री केली.

सोमवार, ता. २४ ऑक्टोबर. पाडवा.

आईने बाबांना ओवाळले. ओवाळताना खोकला आला, तबक कोकिळेने धरले म्हणून निरांजन पडले नाही. आवाज बसला आहे. फराळ तिनेच केला, तोंडात काही न घालता. शंकरपाळे उत्तम झाले.

बाबांनी ठरवले आहे की द्वादशीला उद्यापन मोठे करायचे. आळीतल्या सगळ्या सवाष्णी जेवायला, पुरणपोळी, आणि आईने मधल्या पाटावर बसून सर्वांसमोर व्रत सोडायचे.

आई म्हणाली, "कायले एवढा गाजावाजा? मी म्हन्ते व्रत अजून चालवू. होळीपर्यंत."

बाबा म्हणाले, "चातुर्मास चार म्हयन्याचा असते. तुह्यासाठी का वर्साचा करतीन?"

आई हसली नाही. ती देवघरात जाऊन बसली. मला वाटले, इतक्या दिवसांचा नेम सुटणार याचे तिला वाईट वाटत आहे. केवढी श्रद्धा.

शुक्रवार, ता. ४ नोव्हेंबर. द्वादशी. तिन्हीसांजेला.

घाईने लिहीत आहे. अक्षर वाईट येईल.

दुपारी पंगत बसली. आज बायका आधी, पुरुष नंतर, म्हणून बाबा आणि मी दाराजवळ उभे होतो. आई नवे लुगडे नेसून मधल्या पाटावर बसली होती. सोजराबाईने पुरणपोळीचा घास तुपात बुडवून तिच्या तोंडात दिला. सगळ्याजणी बघत होत्या. आईने तो चावला. पुष्कळ वेळ चावला. मग गिळला असे वाटले, कारण मान खाली गेली. आणि तिचे डोळे एकदम मोठे झाले.

तिने छातीवर मूठ दाबली. उठली, पदर तोंडावर धरून मागच्या दाराने गोठ्याकडे गेली. बायका म्हणाल्या की रिकाम्या पोटी तूप लागले. मी पाण्याचा तांब्या घेऊन मागे धावलो.

गव्हाणीपाशी ती वाकून उभी होती. घास जसाच्या तसा बाहेर पडला होता, सोबत फेस आणि लाळ. मी पाणी दिले. तिने एक घोट घेतला. तो घोटही थोडा वेळ आत थांबून परत आला. पाणी परत येते हे मी जन्मात पाहिले नव्हते.

ती म्हणाली, "कोनाले सांगू नोको." आणि तोंड पुसून परत पाटावर जाऊन बसली. पंगत उठेपर्यंत हसत होती. तिचे ताट कोकिळेने उचलले.

रविवार, ता. ६ नोव्हेंबर.

आज चुलीजवळ आईला एकटी गाठले. विचारले, हे केव्हापासून आहे.

"वैशाखातल्या आखाजीपासून. भाकर इथं अडके." तिने छातीच्या मधोमध बोट ठेवले. "मंग मी भात खाल्ला. भात अडकला तं पेज."

"सांगितलं काऊन नाई?"

"पेज जात होती नं. कायले सांगू? पुढं पेजबी जड जाऊन राह्यली. आखाड आला, म्हनलं व्रत धरते. व्रत धरलेल्या बाईले कोनी 'जेव जेव' करत नाई."

 म्हणजे व्रत नव्हतेच. चार महिने लोक पाया पडत होते, आणि ती उपाशी होती.

नंतर मी एक गोष्ट आठवण्याचा प्रयत्न केला. आई जेवताना कशी दिसते? हात कसा नेते, किती मोठा घास घेते? काहीही आठवले नाही. बाबा जेवतात, मग मी, मग गडीमाणसे. मग ती बाबांच्याच ताटात वाढून घेते आणि चुलीकडे तोंड करून बसते. तेव्हा आम्ही ओट्यावर असतो. बावीस वर्षे मी या घरात आहे आणि माझ्या आईला जेवताना मी परवा पहिल्यांदा पाहिले.

बाबांना सांगितले. त्यांनी फेटा बांधला. मग म्हणाले, "दमणी जुंप. अकोल्याले नेऊ."

गुरुवार, ता. १० नोव्हेंबर. अकोला, धर्मशाळा.

शेगावपर्यंत बैलांची दमणी, पुढे आगगाडी. पूर्णा नदीच्या उतारात गाडी हलली की आई डोळे मिटून घेई. डॉक्टरसाहेब मुंबईला शिकलेले आहेत, दवाखाना त्यांचा स्वतःचा. त्यांनी आईला खडूच्या पाण्यासारखे पांढरे औषध पाजले आणि अंधाऱ्या खोलीत यंत्रापुढे उभे केले. मग बाबांना आणि मला फोटो दाखवला. अन्ननळी म्हणजे घशापासून पोटापर्यंतची वाट. पांढरी रेघ वरून जाडजूड येते आणि छातीच्या मध्यावर दोऱ्याएवढी होते, तीही कुरतडल्यासारखी.

डॉक्टरसाहेब म्हणाले, "कर्करोग आहे. कापून काढण्याची वेळ गेलेली आहे."

बाबांनी विचारले, "बरी व्हईन का नाई, तेवढं सांगा."

"नाही होणार. खोटं सांगत नाही. पण रोगाआधी त्या भुकेनं आणि तहानेनं जातील. तेवढं टाळणं आपल्या हातात आहे, आणि मी सगळी धडपड त्याच्यासाठीच करणार."

मी त्यांना पुन्हा सांगायला लावून नीट समजून घेतले. पहिला उपाय म्हणजे निमुळत्या रबरी सळ्या तोंडातून घालून ती वाट हळूहळू रुंद करायची. याने पातळ पदार्थ जाऊ लागतात, परंतु वाट पुन्हा मिटते आणि पुन्हा सळी घालावी लागते. त्यात नळी फाटण्याची भीती असते. दुसरे, त्या अरुंद जागेत धातूची बारीक नळी कायमची बसवून देतात. हे मुंबईस होते, यांनी स्वतः केलेले नाही, आणि नळी घसरली तर सगळे फुकट. रेडियमचे नाव त्यांनी काढले, पण लगेच म्हणाले की या अशक्त देहाला तो प्रवास आणि तो दाह दोन्ही सोसणार नाहीत. राहिला शेवटचा. पोटावर भोक पाडून जठरात रबरी नळी बसवायची आणि तिच्यातून दूध, पेज सरळ पोटात ओतायची. तोंडाचा संबंधच नाही.

 मी खुर्चीची पाठ धरली. बाबांनी विचारले, "अशी मानसं राह्यतात?"

"काही महिने. पण तहानलेली नाही राहत."

बाहेर आल्यावर बाबा मला म्हणाले, "तिले यातलं काई सांगू नोको." सध्या सळी घालून पाहायचे ठरले.

शुक्रवार, ता. ११ नोव्हेंबर.

सळी घातली. मला बाहेर उभे केले होते, तरी आईचा घुसमटल्याचा आवाज आला. दवाखान्याचे कंपौंडर रंगराव बाहेर येऊन म्हणाले, "तुम्ही काऊन पांढरे पडले? सळी तं थ्यायच्या गळ्यात हाय."

दुपारी आई अर्धा पेला दूध प्यायली. परत आले नाही. संध्याकाळी चहा मागितला, बशीत ओतून तो सगळा संपवला. मला नावाने हाक मारून म्हणाली, "भगवंता, हे डॉक्टर देवमानूस हाय." मी तिला मान हलवून दाखवली. आज झोप लागेल असे वाटते.

मंगळवार, ता. १५ नोव्हेंबर.

वाट मिटली. पाच दिवससुद्धा गेली नाही. आज पुन्हा सळी घातली, रक्त आले. डॉक्टरसाहेबांनी हात धुतले आणि म्हणाले, "आता नाही. आणखी जोर केला तर फाटेल."

गुरुवार, ता. १७ नोव्हेंबर.

आई आज मला म्हणाली, "बस इथं. तू खोटं लिवत नाईस, मंग खोटं बोलू बी नोको. काय म्हनतात हे लोक?"

मी बाबांचा हुकूम मोडला. सगळे सांगितले, रोगाचे नाव सोडून. तिने नाव विचारलेही नाही.

"म्हंजे पोटाले भोक पाडून त्यातून दूध घालतीन."

"हाव."

"रोज?"

"दिवसातून चार-पाच खेपा."

"आन् थे कोन घालीन?"

मी म्हटले, कोकिळा घालेल. आई म्हणाली, "थे लेकरू हाय. पाहून तिचं जेवन जाईन." सोजराबाई? "मंग साऱ्या गावाले तमाशा." मी? "तू तं नळी पाहून खाली पडशीन, मंग तुलेच दूध पाजा लागीन." हे बोलताना ती खरोखर हसली, आणि लगेच लाळ गिळता येईना म्हणून वाटी तोंडाशी धरली.

मग हनुवटीने दाराकडे खूण केली. बाबा तिथे उभे होते, केव्हापासून ते माहीत नाही.

"यायनं घालावं, तं मी व्हय म्हन्ते. माहं आंग दुसऱ्या कोनी पाहू नये. नाई तं मी अशीच बरी."

मी बाबांकडे पाहू शकलो नाही. पाण्याचा तांब्या त्यांनी आजपर्यंत स्वतः भरून घेतलेला नाही. चुलीजवळ ते येत नाहीत. आजाऱ्याच्या खोलीत दाराच्या आत येत नाहीत. आईला हे माहीत नाही असे कसे म्हणावे? मग तिने नको म्हणण्यासाठीच ही अट घातली काय?

बाबांनी खुंटीवरचा फेटा घेतला आणि निघून गेले. कुठे, ते बोलले नाहीत.

शुक्रवार, ता. १८ नोव्हेंबर.

बाबा धर्मशाळेत आलेच नाहीत. मी स्टेशनवर जाऊन आलो. कापसाच्या बाजारात पाहिले. वेचणीसाठी गावी गेले असावेत. पण बैलगाडी तर शेगावला गड्यापाशी आहे. मनात भलतेसलते येते.

आईला चमच्याने पाणी दिले, परत आले. ओठ फुटले आहेत. फडके भिजवून ओठांवर ठेवतो. डॉक्टरसाहेब म्हणाले की सोमवारच्या पुढे थांबण्यात अर्थ नाही, सही लवकर द्या. सही कोणाची? मी दिली तर बाबांच्या हयातीत मुलाने सही केली असे होईल. मी काहीच ठरवू शकत नाही. आई भिंतीकडे तोंड करून निजली आहे.

शनिवार, ता. १९ नोव्हेंबर.

सकाळी रंगरावांना विचारले, माझे वडील कुठे दिसले काय. ते म्हणाले, "घ्या. थे तं परवापासून माह्या मांगं हायेत. माह्याच खोलीत निजतात. या."

दवाखान्याच्या मागच्या पडवीत बाबा उकिडवे बसले होते. फेटा बाजूला, बाह्या वर. पुढे एक मोठी काचेची बरणी, तिच्या बुचात रबरी नळी, नळीला नरसाळे, आणि हातात पाण्याचा पेला. ते ओतत होते आणि बरणीत पाणी उतरताना बघत होते. मला पाहून थांबले नाहीत.

रंगराव म्हणाले, "काल अर्धी पडवी धुतली यायनं. आज हात बसला. हवा जाऊ देत नाईत."

बाबा म्हणाले, "बैलाले बांबूच्या नळीनं औषध पाजतो, तेव्हा बैल मान झटकते. हे बरनी तं हालतबी नाई. हे का काम हाय?" थोड्या वेळाने बरणीकडेच पाहत म्हणाले, "सही दिली मी. सकाळीच."

मी आईला जाऊन सांगितले. तिने भिंतीकडचे तोंड माझ्याकडे वळवले. डोळ्यांतून पाणी आले की फक्त ओल होती, सांगता येत नाही. मला अजून खरे वाटत नाही.

सोमवार, ता. २१ नोव्हेंबर.

शस्त्रक्रिया झाली. जागा बधिर करून केली, आई जागी होती. बरगड्यांच्या खाली डाव्या बाजूस नळी आहे, तिला चिमटा. मी एकदाच पाहिले आणि बाहेर आलो. रंगरावांनी न विचारता मला पाटावर बसवले.

संध्याकाळी पहिले दूध, निम्मे पाणी घालून. डॉक्टरसाहेब उभे होते. बाबांनी नरसाळे धरले. ते कलले आणि दूध चादरीवर सांडले. 

आई म्हणाली, "वर धरा जराक."

 आईने बाबांना काही करायला सांगितलेले मी ऐकलेच नव्हते. बाबांनी नरसाळे वर धरले.

"लय वर झालं."

बाबांनी खाली घेतले.

"मी बैल नाई म्हना."

"बैल बरा," बाबा म्हणाले. "गप तं राह्यते."

डॉक्टरसाहेब खिडकीकडे वळले. पेला रिकामा झाला. काहीच परत आले नाही.

रविवार, ता. ४ डिसेंबर. सोनाळा.

घरी आलो. आईचा आवाज सुधारला, ओठ भरले. उठून अंगणात बसते. बाबा दिवसातून पाच खेपा तिच्या खोलीत जातात आणि दार लावून घेतात. वावरात वेचणी चालू असली तरी घरी येतात. काल मजुरणी हसत होत्या. एकजण म्हणाली, "मालक पुन्हा नवरदेव झाले." ते माझ्या कानावर पडावे म्हणूनच बोलली.

नळीविषयी गावात कोणाला माहीत नाही. सर्वांना वाटते की आई पुन्हा व्रतात बसली. कालही दोन बाया पाया पडायला आल्या होत्या. आईला झोप लागली आहे असे मी त्यांना खोटे सांगितले. कोकिळा भांडी घासत होती, तिने वर पाहिले.

मंगळवार, ता. १३ डिसेंबर.

हे लिहावे की नाही, पुष्कळ वेळ विचार केला.

दुपारी कापसाच्या मापाचे आकडे बाबांना विचारायला आईच्या खोलीशी गेलो. दार लोटलेले होते, कडी नव्हती. आत शिरलो. आईच्या हातात भाकरीचा तुकडा होता, त्यावर मिरचीचा ठेचा. ती चावत होती, डोळे मिटून, सावकाश. मग तिने चावलेला घास वाटीत थुंकला. बाबांनी ती वाटी घेतली. दूध घालून बोटाने कालवली. फडक्यातून गाळली. आणि नरसाळ्यात ओतली.

स्वतःच्या बोटाने. तिचे उष्टे.

आई म्हणाली, "तिखट व्हय आज." बाबा म्हणाले, "पोटाले तिखट लागते का?" आई म्हणाली, "जिभेले लागलं नं. आठ म्हयन्यात पयल्यांदा लागलं."

मी दार न लावता निघालो आणि थेट वावरात गेलो. कापसाच्या पऱ्हाटीत उभा राहिलो.  ज्या बाबांनी दुसऱ्याच्या पेल्याने कधी पाणी घेतले नाही, त्यांचे हे काय झाले आहे? वयामुळे बुद्धी फिरली का? कोणी पाहिले असते तर? आमच्या घरात सोयरीक कोण करील?

रात्री जेवणाआधी कोकिळेला सांगितले. मला वाटले तिलाही शिसारी येईल. ती म्हणाली, "मले ठाऊक हाय. रंगरावनं अकोल्याले सांगतलं होतं म्हने, चव हवी असन तं असं करा. ठेचा मीच कुटून देते."

"तुले किळस नाई आली?"

"अवो, आत्याबाई एवढी वर्सं मामाजीच्या उष्ट्या ताटात जेवल्या. थे पाहून तुमाले किळस नाई आली, मंग याचीच काऊन?"

मी म्हटले, ती गोष्ट वेगळी आहे. तिने विचारले, कशी.  अजूनही नीट सांगता येत नाही, पण वेगळी आहे.

मंगळवार, ता. २० डिसेंबर.

आज मोठा गोंधळ झाला असता. सोजराबाई न सांगता आत आली. बाबा नरसाळे धरून बसले होते. मी तिला अडवायला धावलो, पण उशीर झाला. ती उंबऱ्यातच थिजली.

मला वाटले आई पांघरूण ओढेल. तिने ओढले नाही. म्हणाली, "ये सोजरा. बस. मले गिळता येत नाई, आखाजीपासून. म्हनून हे असं."

"आन् व्रत?"

"व्रत काईच नोतं."

सोजराबाई नळीकडे बघत उंबऱ्याशीच बसली. शेवटी म्हणाली, "मंग माहे नमस्कार वो? रोज सकाळी येऊन पडत होते, आंघोळ करून. थंडीत."

आई म्हणाली, "घेऊन जाय परत. मी एकबी वापरला नाई."

सोजराबाई आधी हसली, मग रडली, मग तिने विचारले की त्या नळीतून कढी जाते का. बाबा म्हणाले, "गाळून आन." उद्यापासून ती कढी देणार आहे. गावभर होईल. मी बाबांना तसे बोललो. ते म्हणाले, "व्हवू दे. तू तुही तागडी पाह्य."

शनिवार, ता. १४ जानेवारी १९३९. संक्रांत.

आई पुन्हा उतरली. खोकताना छातीत दुखते, दूध निम्मे घेते. परवा डॉक्टरसाहेबांकडे जाऊन आलो, ते म्हणाले की रोग आपल्या वाटेने चालला आहे, नळी तेवढ्यापुरतीच होती. दुखण्यासाठी औषध दिले. बाबांना सांगितले. त्यांनी मान हलवली.

आज आईने तिळाची वडी चावली. बाबा वाटी घेऊन बसले, पण ती म्हणाली, "हे नोका घालू पोटात. नुसती चव पुरे."

रविवार, ता. २२ जानेवारी.

आज मी एक गोष्ट केली. दुपारी पुरुषांची जेवणे झाल्यावर ओट्यावर न जाता स्वयंपाकघरात बसलो, कोकिळेसमोर. तिने ताट घेतले, एक घास हातात धरला आणि थांबली.

"काय पाह्यजे?"

"काई नाई. तू जेव."

"माहं काई चुकलं का?"

"नाई. मी पाहून राह्यलो, गिळतं का नाई."

ती म्हणाली, "तुम्ही असे डोये फाडून बसले तं कोनाले गिळीन? जा बाहीर." मी गेलो नाही. थोडा दाराकडे सरकलो. मग ती भिंतीकडे वळली आणि जेवली. घास लहान घेते. भाकरीचा कडक भाग आधी खाते, मऊ शेवटी. मला हे माहीत नव्हते.

मंगळवार, ता. ३१ जानेवारी.

आज सकाळी बाबांनी नेहमीप्रमाणे दूध कोमट केले. आईचा श्वास वर लागला होता. नरसाळ्यात थोडे ओतले. आईने हात वर केला आणि त्यांच्या मनगटावर ठेवला.

बाबा म्हणाले, "अजून अर्ध हाय."

आई म्हणाली, "नोका. पोट भरलं."

बाबा म्हणाले, "खरं सांग."

"खरं."

बाबांनी चिमटा लावला. नळी पुसली, फडक्यात गुंडाळली. नंतर पेल्यातले उरलेले दूध ते स्वतः प्यायले. मी पाहत होतो आणि या खेपेस बाहेर गेलो नाही. आई त्यांच्याकडे बघत होती. ऊन ओट्यावर येण्याआधी ती गेली.

सोमवार, ता. १३ फेब्रुवारी.

काल तेरवी झाली. आज बाबा म्हणाले, अकोल्याचा हिशेब लिहून दाखव.

एक्सरेचा फोटो, पंधरा रुपये. शस्त्रक्रिया व खोलीभाडे, नव्वद. औषधे, बावीस. दमणी व रेल्वे, सहा. अकोल्यातील राहणे-जेवण, एकोणीस. एकूण एकशे बावन्न रुपये. पैकी दिले एकशे बारा. देणे डॉक्टरसाहेबांचे, चाळीस रुपये, कापूस विकल्यावर. रंगरावांनी काही घेतले नाही. तेरवीचा खर्च यात धरलेला नाही.

बाबांनी सर्व ऐकले आणि विचारले, "दूध?"

मी म्हटले, "घरचं होतं."

"तरी लिव."

दूध, आषाढीपासून द्वादशीपर्यंत मांजरीस. नोव्हेंबरपासून आईस. किंमत लावलेली नाही.